कड्यावरचा किल्ला आणि पायथ्याची छावणी : सेथ ईस्टमनच्या ‘फोर्ट स्नेलिंग’ या चित्राचा पुनर्विचार

प्रास्ताविक

वसाहतकाळातील लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेली चित्रे कलासमीक्षेत दीर्घकाळ दुय्यम मानली गेली. इतिहासकारांनी त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहिले आणि कलासमीक्षकांनी हौसेची निर्मिती म्हणून ती बाजूला ठेवली. या दोन्ही दृष्टींत एक गोष्ट सुटते. सैनिकाचे चित्र हे एकाच वेळी पाहण्याची आणि ताबा ठेवण्याची कृती असते. त्यामुळे अशा चित्रात काय दाखविले आहे याबरोबरच ते कोठून, केव्हा आणि कोणासाठी दाखविले आहे, हे प्रश्न कलामूल्याच्या चर्चेतच विचारावे लागतात.

अमेरिकन सैन्यातील अधिकारी आणि चित्रकार सेथ ईस्टमन (१८०८–१८७५) याचे ‘फोर्ट स्नेलिंग’ हे तैलचित्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या लष्करी व्यवहार समितीने १८७० मध्ये ईस्टमनकडे देशातील प्रमुख किल्ल्यांची सतरा चित्रे सोपविली. निवृत्त झालेल्या ईस्टमनला या प्रकारच्या कामासाठी पुन्हा सेवेत घेण्यात आले होते. १८७० ते १८७५ या काळात ही मालिका तयार झाली. तिच्यातील बहुसंख्य किल्ले अटलांटिक किनाऱ्यावरचे, म्हणजे परक्या आरमारापासून संरक्षणासाठी बांधलेले आहेत. मिनेसोटातील फोर्ट स्नेलिंगचे प्रयोजन वेगळे होते. तो खंडाच्या आत, डकोटा लोकांच्या भूमीत उभारलेला किल्ला होता. या एका चित्राचे परीक्षण करून सैनिक-चित्रकाराच्या अचूकतेचा अर्थ आणि तिची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जागा आणि किल्ला

मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमाला डकोटा लोक ‘ब्डोटे’ म्हणतात. अनेक डकोटांच्या परंपरेत ही त्यांच्या उत्पत्तीची आणि म्हणून पवित्र मानलेली जागा आहे. १८०५ मध्ये झेब्युलन पाइक या लष्करी अधिकाऱ्याने येथे एक करार केला. उपस्थित सात डकोटा प्रमुखांपैकी केवळ दोघांनी त्यावर सही केली. जमिनीच्या मोबदल्याची रक्कम करारात कोरी सोडलेली होती. १८०८ मध्ये अमेरिकी सेनेटने करार मंजूर करताना त्या जागी दोन हजार डॉलर हा आकडा भरला. या कागदाच्या आधारावर संगमावरील उंच कड्यावर १८२० ते १८२५ या काळात सैनिकांनी चुनखडीच्या दगडाचा किल्ला बांधला. कर्नल जोसाया स्नेलिंग याच्या देखरेखीखाली काम झाले आणि १८२५ मध्ये किल्ल्याला त्याचेच नाव मिळाले.

मराठी वाचकाच्या मनात ‘किल्ला’ या शब्दाबरोबर वेढा, तोफा, दरवाजा लढविणारी शिबंदी अशी चित्रे येतात. फोर्ट स्नेलिंगला कधीही वेढा पडला नाही. त्याच्यावर शत्रूचा हल्ला झाल्याची नोंद नाही. त्याचे काम नद्यांची वाट रोखणे, केसाळ कातड्यांच्या व्यापारावर नजर ठेवणे आणि सरकारच्या इंडियन एजंटाला सैनिकी पाठबळ देणे हे होते. तटबंदी असलेले ठाणे असे त्याचे वर्णन अधिक नेमके ठरेल. ज्या प्रदेशात गुलामगिरीला कायद्याने मनाई होती, त्या प्रदेशातील या किल्ल्यात अधिकारी गुलाम बाळगीत होते. ज्याच्या खटल्याचा १८५७ मधील निकाल अमेरिकेच्या इतिहासात कुप्रसिद्ध ठरला, तो ड्रेड स्कॉट १८३० च्या दशकात येथेच राहिला होता. आपल्या स्वातंत्र्याच्या दाव्यासाठी त्याने या वास्तव्याचा आधार घेतला होता. किल्ल्याचा दगडी चौथरा आणि त्याच्या आतील जीवन यांच्यातील हे अंतर पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

चित्रकाराची घडण

ईस्टमनचा जन्म मेन राज्यातील ब्रन्सविक येथे झाला. १८२९ मध्ये तो वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीतून पदवीधर झाला. तेथे रेखाटन हा आवश्यक विषय होता. छायाचित्रणापूर्वीच्या काळात डोंगर, नदी, पूल आणि तट यांची कागदावरील नोंद ही सेनेची गरज होती. इंग्लंडमध्ये वुलविचची सैनिकी अकादमी आणि ईस्ट इंडिया कंपनीची ॲडिसकोम येथील संस्था यांनीही याच कारणासाठी चित्रकलेचे शिक्षक नेमले होते. मुंबई लष्करातील रॉबर्ट मेलविल ग्रिंडले याच्यासारख्या अधिकाऱ्यांनी पश्चिम भारताची जी दृश्ये काढली, ती याच व्यापक लष्करी चित्रपरंपरेतील होत.

१८३३ ते १८४० या काळात ईस्टमनने वेस्ट पॉइंट येथे रेखाटन शिकविले आणि १८३७ मध्ये स्थलरेखाटनावर एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. या विद्येची शिस्त कडक असते. उंचसखलपणा रेषांच्या दाटीने दाखवायचा, अंतरांचे प्रमाण बिघडू द्यायचे नाही, आणि रेखाटणाऱ्याच्या भावनेला वाव द्यायचा नाही. रेखाटन पाहून दुसऱ्या अधिकाऱ्याला तेथे सैन्य नेता आले पाहिजे, ही त्याची कसोटी. या शिक्षणाची छाप ईस्टमनच्या संपूर्ण निर्मितीवर आहे. त्याच्या समकालीन निसर्गचित्रकारांनी अमेरिकन भूमी वादळे, धबधबे आणि दिव्य प्रकाश यांनी भारून टाकली. ईस्टमनच्या चित्रांत असा भारलेपणा जवळजवळ नाही. त्याचा प्रकाश सारखा पसरलेला, रंग मंद आणि रेषा संयत असते. हा त्याचा गुण आहे आणि त्याच्या चित्रांवर प्रेक्षक विश्वास ठेवतो याचे कारणही आहे.

फोर्ट स्नेलिंगशी त्याचा संबंध दोनदा आला. १८३० मध्ये तरुण अधिकारी म्हणून तो तेथे रुजू झाला आणि १८४१ ते १८४८ या काळात त्याने अनेकदा किल्ल्याचे नेतृत्व केले. पहिल्या वास्तव्यात डकोटा प्रमुख क्लाउड मॅन याची कन्या वाकन इनाजिन विन हिच्याशी त्याचा डकोटा रीतीने विवाह झाला आणि त्यांना मेरी नॅन्सी ही मुलगी झाली. पुढे बदली झाल्यावर ईस्टमन निघून गेला. मायलेकी आपल्या लोकांत राहिल्या. १८३५ मध्ये त्याने मेरी हेंडरसन हिच्याशी विवाह केला. किल्ल्यावरील वास्तव्याच्या आधारे तिने डकोटांच्या चालीरीती व कथा यांवर १८४९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची चित्रे ईस्टमनची होती.

जलरंगचित्रांचे मोल

तैलचित्राचा विचार करण्यापूर्वी १८४० च्या दशकातील ईस्टमनच्या जलरंगचित्रांची दखल घेणे न्यायाचे होईल. या काळात त्याने किल्ल्याच्या परिसरातील डकोटा जीवन सातत्याने रेखाटले. पाण्यातील रानतांदूळ होडीत झोडणाऱ्या स्त्रिया, मेपलच्या रसापासून साखर करण्याची छावणी, झाडाच्या सालीची उन्हाळी घरे, मृतांसाठी उभारलेले माचे हे त्याचे विषय होत. हेन्री स्कूलक्राफ्ट याने १८५१ ते १८५७ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील आदिवासी जमातींविषयीच्या ग्रंथासाठी त्याने पुष्कळ चित्रे पुरविली.

या चित्रांतील स्त्रिया काम करताना दिसतात. त्यांच्या हालचाली, अवजारे आणि घरांची बांधणी यांकडे चित्रकाराने बारकाईने लक्ष दिले आहे. युद्धकर्कश योद्धा किंवा अस्तंगत होणारा उदास ‘इंडियन’ हे तत्कालीन लोकप्रिय साचे येथे फारसे आढळत नाहीत. म्हणून या जलरंगचित्रांना केवळ सत्तेचे साधन म्हणून निकाली काढणे अपुरे ठरते. त्यांत नोंदविलेले श्रम आणि घरगुती जीवन हे आजही डकोटा संस्कृतीच्या अभ्यासाचे साधन आहे.

तथापि साचा पूर्णपणे टळला असेही म्हणता येत नाही. १८६७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या इंडियन व्यवहार समितीसाठी ईस्टमनकडे नऊ चित्रांचे काम आले. त्यांत रानतांदूळ गोळा करणाऱ्या स्त्रिया आहेत, तसे ‘डेथ व्हूप’ हेही चित्र आहे. त्यात शत्रूचे शिरोचर्म काढून विजयाची आरोळी ठोकणारा योद्धा दाखविला आहे. पुढे आक्षेप आल्यामुळे हे चित्र समितीच्या दालनातून काढण्यात आले. एकाच हाताने काढलेल्या या दोन प्रकारच्या चित्रांतून असे सूचित होते की, पाहण्यातील सचोटी ही चित्रकाराची कायमची मालमत्ता नसते. चित्र कोणाच्या भिंतीवर लागणार आहे यावर तीही अवलंबून असते.

चित्राची रचना

‘फोर्ट स्नेलिंग’ या तैलचित्रात प्रेक्षक सखल बाजूला, किल्ल्यापासून दूर उभा आहे. समोर पाणी, त्यापलीकडे फिकट कडा आणि कड्याच्या माथ्यावर तटबंदी. वर आकाशाला पुष्कळ जागा दिली आहे. किल्ला चित्राचा मोठा भाग व्यापीत नाही. तरीही नजर त्याच्याकडेच जाते, कारण कड्याची चढती कडा दृष्टीला तेथवर नेऊन सोडते. दगडी भिंत कड्याच्या दगडातूनच उगवल्यासारखी वाटते. मानवी बांधकाम आणि निसर्ग यांच्यातील सांधा चित्रकाराने जाणीवपूर्वक मृदू ठेवला आहे.

हा परिणाम रचनेतून साधलेला आहे आणि त्याचा अर्थ राजकीय आहे. पाच वर्षांत सैनिकांनी बांधलेली वास्तू येथे भूमीइतकीच जुनी भासते. वादग्रस्त करार, कोरी सोडलेली रक्कम, व्यापाराचे हिशेब यांपैकी कशाचाही माग या दगडावर राहत नाही. स्थलरेखाटनाच्या नियमानुसार कडा, वळण आणि तट योग्य ठिकाणी आहेत. तरीही ‘हे येथे असणारच’ असा जो निष्कर्ष प्रेक्षकाच्या मनात उमटतो, तो मोजमापातून आलेला नाही. तो दृष्टिकोनाच्या निवडीतून आला आहे.

काळाची निवडही तितकीच बोलकी आहे. चित्र १८७० नंतरचे, राजधानीत समितीच्या मागणीवरून केलेले. त्यातील शांतता मात्र १८४० च्या दशकाची, म्हणजे ईस्टमनच्या सेवाकाळाची आहे. मधल्या पंचवीस वर्षांत संगमावर जे घडले ते या शांततेत कोठेही उमटलेले नाही.

चित्राबाहेर राहिलेली वर्षे

१८५१ च्या करारांनी डकोटांची दक्षिण मिनेसोटातील बहुतेक जमीन गेली. त्या मोबदल्यात ठरलेली वार्षिक रक्कम १८६२ च्या उन्हाळ्यात वेळेवर आली नाही आणि उपासमार वाढली. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. सुमारे सहा आठवडे चाललेल्या या युद्धात शेकडो वसाहतकरी मारले गेले. त्यानंतर लष्करी आयोगाने तीनशेतीन जणांना मृत्युदंड सुनावला. अध्यक्ष लिंकन यांनी बहुतेकांची फाशी थांबविली. अखेर २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली.

त्याच हिवाळ्यात सुमारे सोळाशे डकोटांना फोर्ट स्नेलिंगच्या कड्याखाली नदीकाठच्या सखल जमिनीवर कुंपणात कोंडण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. गोवर आणि इतर रोगांनी तेथे एकशेतीस ते तीनशे माणसे मृत्यू पावली असा अंदाज केला जातो. १८६३ मध्ये काँग्रेसने डकोटांबरोबरचे करार रद्द केले आणि मे महिन्यात वाचलेल्यांना आगबोटींतून क्रो क्रीक येथे हलविण्यात आले. नोव्हेंबर १८६५ मध्ये शाकोपी आणि मेडिसिन बॉटल या दोन डकोटा नेत्यांना किल्ल्यावर फाशी देण्यात आली.

या छावणीचे दृश्य पुरावे उपलब्ध आहेत. छायाचित्रकार बेंजामिन अप्टन याने घेतलेल्या छायाचित्रात शंकूच्या आकाराचे तंबू दाटीने उभे असलेले दिसतात. ईस्टमनच्या चित्राशेजारी हे छायाचित्र ठेवल्यास पाहण्याची दिशा उलटल्याचे ध्यानात येते. ईस्टमन खालून वर पाहतो, म्हणून किल्ला उदात्त होतो. अप्टनचा कॅमेरा उंचावरून खाली पाहतो, म्हणजे पहारेकऱ्याच्या जागेवरून पाहतो. त्या नजरेखाली माणसांची वस्ती मोजता येण्याजोग्या तंबूंची रांग होते. दोन्ही प्रतिमा यथातथ्य आहेत. दोन्हींत तीच भूमी आणि तीच उंची आहे. फरक एवढाच की एकीत उंची सौंदर्यासाठी वापरली गेली आणि दुसरीत ती कशासाठी बांधली होती हे उघड झाले.

येथे एक आक्षेप संभवतो. १८६२ मध्ये ईस्टमन मिनेसोटात नव्हता. जे त्याने पाहिले नाही ते चित्रात नसल्याबद्दल त्याला दोष देता येईल काय? स्थलचित्रकाराने पाहिलेलेच चित्रित करावे, हा नियम मान्य केला तर आक्षेप सबळ आहे. परंतु याच मालिकेतील एक उदाहरण त्याला उत्तर देते.

सम्टर आणि स्नेलिंग

सतरा चित्रांत दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट सम्टरला एकापेक्षा अधिक चित्रे मिळाली आहेत. १८६१ मध्ये याच किल्ल्यावरील तोफमाऱ्याने अमेरिकन यादवी युद्धाला तोंड फुटले होते. ईस्टमनने हा किल्ला बंडापूर्वीचा अखंड स्वरूपातही रंगविला आणि युद्धानंतरचा भग्न स्वरूपातही. म्हणजे एकाच वास्तूच्या दोन अवस्था शेजारी ठेवून काळाचा आघात दाखविण्याची कल्पना चित्रकाराला आणि समितीला अपरिचित नव्हती. मालिकेचा एकंदर स्वर शांत असला तरी सम्टरच्या बाबतीत त्या शांततेत इतिहासाला प्रवेश दिला गेला.

स्नेलिंगला ती संधी मिळाली नाही. त्याचे चित्र एकच आहे, आणि त्याला ‘पूर्वी’ व ‘नंतर’ असे भाग नाहीत. यादवी युद्ध हा राष्ट्राच्या आत्मकथेचा भाग होता. भग्न सम्टर पाहताना दोन्ही बाजूंच्या गोऱ्या नागरिकांना समान दुःखाची आठवण होऊ शकत होती. डकोटा युद्ध त्या कथेत बसत नव्हते. त्याच्या खुणा भिंतींवर नव्हत्या. त्या कड्याखालच्या जमिनीवर होत्या, आणि भिंतींची चित्रे मागविणाऱ्या समितीला त्या जमिनीशी कर्तव्य नव्हते. म्हणून या चित्रातील मौन केवळ एका चित्रकाराच्या स्मृतीचे मानता येत नाही. मागणी करणारी संस्था, विषयाची व्याख्या आणि स्थलरेखाटनाची शिस्त या तिघांनी मिळून ते घडविले आहे. ‘किल्ला’ म्हणजे तट आणि बुरूज एवढीच व्याख्या एकदा स्वीकारली की, त्याच्या सावलीत काय घडले हा प्रश्न चित्राच्या कक्षेबाहेर जातो. मग अचूकतेला कोणताही बाध न येता सत्य वगळता येते.

रक्ताचा धागा

या वगळण्याची एक बाजू चित्रकाराच्या स्वतःच्या वंशाशी निगडित आहे. ईस्टमनची डकोटा कन्या मेरी नॅन्सी १८५८ मध्ये मुलाला जन्म दिल्यानंतर थोड्याच काळात वारली. हा मुलगा म्हणजे पुढे ओहियेसा किंवा चार्ल्स ईस्टमन म्हणून प्रसिद्ध झालेला डॉक्टर आणि लेखक. १८६२ मध्ये चार वर्षांच्या या मुलाला घेऊन त्याची आजी कॅनडाकडे पळाली. वडील फाशी गेले असे कुटुंबीयांनी मानले होते. प्रत्यक्षात त्यांची शिक्षा कमी होऊन ते आयोवातील डेव्हनपोर्ट येथे कैदेत होते. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे आपल्या मृत पत्नीचे ‘ईस्टमन’ हे आडनाव धारण केले. १८७० च्या दशकाच्या आरंभी ते मुलाला शोधून परत घेऊन आले.

म्हणजे आजोबा काँग्रेससाठी स्नेलिंगचा शांत कडा रंगवीत होता, त्याच वर्षांत नातू त्या कड्याशी निगडित हद्दपारीतून परतत होता. चार्ल्स ईस्टमनने १८९० मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वुंडेड नी येथील हत्याकांडातील जखमींवर उपचार केले. १९०२ मध्ये त्याने आपल्या बालपणाच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. आजोबाने बाहेरून रेखाटलेले जीवन नातवाने आतून लिहिले. चित्राच्या समीक्षेत चरित्राला किती स्थान द्यावे, हा वादाचा विषय आहे. तथापि या चित्रापुरते एवढे निश्चित म्हणता येईल की, त्यातील रिकामी जागा ही अज्ञानाची नव्हती. ज्यांच्यामध्ये तो राहिला, ज्यांची भाषा त्याच्या कानावर होती, ज्यांच्यात त्याचे रक्त वाढत होते, त्यांच्या भूमीचे हे चित्र आहे.

समारोप

ईस्टमनच्या मृत्यूसमयी, ३१ ऑगस्ट १८७५ रोजी, वेस्ट पॉइंटचे चित्र त्याच्या हातात होते. जेथे तो पाहायला शिकला त्या संस्थेपाशीच त्याचे काम थांबले. किल्ल्यांची मालिका अनेक वर्षे लष्करी व्यवहार समितीच्या दालनांत राहिली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस कॅपिटॉलमध्ये सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी आली. जागेविषयीचा वाद मात्र संपला नाही. २०१९ मध्ये फोर्ट स्नेलिंगच्या स्मारकस्थळावरील फलकांत ‘ब्डोटे’ हा शब्द जोडल्याच्या कारणावरून मिनेसोटाच्या राज्य सेनेटमध्ये तेथील इतिहाससंस्थेच्या निधीत कपात करण्याचा प्रस्ताव पुढे आला. एका डकोटा शब्दाने एवढी अस्वस्थता निर्माण व्हावी, यावरून ईस्टमनच्या चित्रातील शांतता किती खोल रुजली होती याची कल्पना येते.

या विवेचनातून सैनिक-चित्रकारांच्या निर्मितीसंबंधी काही निष्कर्ष निघतात. एक, चित्रातील अचूकता ही सत्याची हमी नव्हे. ती एका विशिष्ट प्रश्नाला दिलेले अचूक उत्तर असते, आणि प्रश्न कोणी विचारला हे तपासणे समीक्षेचे काम आहे. दोन, एकाच चित्रकाराच्या कामात सहानुभूतीने पाहिलेली जलरंगचित्रे आणि सत्तेला सोयीची तैलचित्रे एकत्र नांदू शकतात. म्हणून निवाडा चित्रकाराविषयी न करता चित्राविषयी करणे योग्य. तीन, अशा चित्रांचे वाचन समकालीन छायाचित्रे, करारपत्रे आणि विस्थापितांची स्वतःची लेखने यांच्या शेजारी ठेवूनच पूर्ण होते. ईस्टमनच्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाची नजर रचनेच्या ओढीने कड्याच्या माथ्याकडे जाते. ती पायथ्याकडे परत आणणे हे या चित्राच्या समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.